आखाजी बॉडी

जळगाव
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबा,

आईनं पाकीट फोडून "दिपूनं पत्र शे" म्हटलं की तुम्ही उठून हात धुवायला हौदावर जाणार, हे मला इथे बसून दिसतंय. जा खुशाल. आई, ते परत येईपर्यंत थांब आणि मग वाच.

काम काही नाही. तुमच्या फोनची रिंग जाते, पण फोन कुणी उचलत नाही, म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. झालं असं की परवा इथल्या तंत्रनिकेतनात मला मोटारीच्या बॉडीचे प्रकार शिकवायला बोलावलं होतं. विम्याची सर्व्हेअर म्हणून आठवड्याला दहा ठोकलेल्या गाड्या तपासणारी बाई, तिला सगळं येत असणार, असा त्यांचा समज. मी तयारीला बसले आणि माझी मलाच लाज वाटली. कारण ह्याच नावांचे अर्थ मी एका माणसाला पूर्वी शिकवून बसले होते, आणि ते सगळे मनाचे होते.

फुलचंद शेठनी तुम्हाला दिलेलं विलायती गाड्यांचं पुस्तक आठवा. जळगावला जुन्या गाड्यांचा धंदा करणारे ते, त्यांना कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या गाडीत ते सापडलं होतं. मी तेव्हा पाचवीत असेन. शाळा सुटली की मी धुळ्यात पारोळा रोडवर आपल्या दुकानात यायचे. तुम्ही हातोडी ठेवून, हात पुसून, पुस्तक उघडायचे आणि विचारायचे, "दिपू, हाई काय लिखेल शे?" मी अक्षर अक्षर लावून वाचायचे, सेडान. लगेच पुढचा प्रश्न, "म्हंजे काय?" आता मला कुठलं माहीत! पण चपट्या पत्र्यातून आख्खी जीप उभी करणाऱ्या बापासमोर माहीत नाही कसं म्हणायचं? मी म्हणाले, इंग्रजांचा एक सरदार होता, त्याचं नाव. तुम्ही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच एका गिऱ्हाइकाला इतक्या ठसक्यात सांगितलंत की त्या सरदाराला मीसुद्धा खरं मानायला लागले.

तर आबा, सरदार वगैरे कोणी नव्हता. तीनचारशे वर्षांपूर्वी तिकडच्या शहरांत एक बंद पेटी असायची. आत एकच खुर्ची, दोन बाजूंना दांडे, पुढे एक भोई, मागे एक. तिला सेडान खुर्ची म्हणत. म्हणजे आपला मेणाच की! तो शब्द कुठून आला ह्यावर विद्वान अजून भांडतायत. कोणी म्हणतं बसण्याच्या जुन्या धातूवरून, कोणी एका गावाचं नाव सांगतं. मोटारी आल्या तेव्हा वरून बंद, आत निवांत बसायची गाडी म्हणून तेच नाव तिला चिकटलं. आता पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे डिकी, एवढं असलं की झाली सेडान. भोई गेले, माणूस मात्र अजून बंद पेटीत बसून ऐटीत चाललाय.

कूपे म्हणजे कोपऱ्यावर झटकन वळते ती, असं मी सांगितलं होतं. तेही खोटं. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ कापलेली. चार माणसांच्या बंद घोडागाडीत समोरासमोर दोन बाकं असत, त्यांतलं एक बाक कापून गाडी आखूड केली, ती कूपे. मोटारीत ती दोन दारांची झाली. आता चार दारांच्या, पाचजणांच्या गाडीचं छप्पर मागे उतरतं केलं तरी कंपनी तिला कूपे म्हणून विकते. कापलेलं काहीच नाही, पैसे मात्र जास्त.

आणि लिमोझिन लिंबाच्या झाडाखाली उभी करतात, हे तुम्ही प्रत्यक्ष फुलचंद शेठना ऐकवलं होतंत. ते हसले नाहीत, "बरोबर आहे मिस्त्री" म्हणाले. फार मोठ्या मनाचा माणूस. खरं असं सांगतात की फ्रान्सच्या एका मुलखातले धनगर डोक्यावरून टोपीसकट मोठी घोंगडी घेत. ती पांघरल्यासारखं छप्पर दिसायचं, म्हणून त्या मुलखाचं नाव गाडीला पडलं.

तीन दुरुस्त केली. बाकीची पुढच्या वेळी. कूलरचे पत्रे वाकवताना हातमोजे घालत जा.

तुमची
दिपमाला


जळगाव
४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबा,

आईला फोन केला होता. म्हणाली, "मी वाचस, तुना आबा ऐकतस. बोलतस नही." मग हळूच म्हणाली की मेण्याचं तुम्ही दुसऱ्यांदा वाचायला लावलंत. मला तेवढं पुष्कळ आहे.

आज तुमच्या आवडीचं चित्र घेते. पुस्तकाच्या मधल्या पानावरची ती लाकडी बाजूंची लांब गाडी, जिच्यावरून तुम्ही बोट फिरवायचे. स्टेशन वॅगन. तिचं मी काय सांगितलं होतं ते लिहीत नाही, पोलीस स्टेशन त्यात होतं एवढं कबूल करते. खरं म्हणजे अमेरिकेत रेल्वे सुरू झाली, तेव्हा स्टेशनावर उतरलेल्या माणसांना त्यांच्या ट्रंका-बोचक्यांसकट घरी नाहीतर हॉटेलात पोचवणाऱ्या घोडागाड्या असत. पुढे तेच काम मोटारीकडे आलं. कारखान्यातून नुसती चासी यायची आणि वरची बॉडी गावचे सुतार बांधायचे. म्हणून ते लाकूड. मग लाकडाचं लोखंड झालं, स्टेशन मागे पडलं, ती मुलाबाळांच्या घराची गाडी झाली, आणि पुढे तर जुनाट म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. नाव राहिलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. कारण तुम्ही हेच केलंत, तेही कोणी न शिकवता. गाडीच्या आरसी बुकात तुमच्या बॉडीला हार्ड टॉप ह्यापलीकडे नाव नव्हतं. तुम्ही मात्र प्रत्येकीला तिच्या कामाचं नाव दिलंत. मागे जाळी आणि खाली फळी, ती बाजार बॉडी. पुढची काच खाली पडणारी आणि वरून उघडी, ती नवरदेव बॉडी. आणि सगळ्यात लांब, रुंद दाराची, लेकींची बोचकी आणि पोरं मावतील अशी, ती आखाजी बॉडी. सासरी दिलेली प्रत्येक लेक अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आली पाहिजे, तर तिला आणणारी गाडी वेगळी नको का, असं तुमचं म्हणणं. तिकडे स्टेशन, इथे आखाजी. ह्यात मला कुठेही कमीजास्त दिसत नाही.

तुमच्या मापाचं तर मी त्या मुलांना वर्गात सांगितलं. टेप शेवटी. आधी उघड्या चासीवर फळ्या टाकायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, ज्यांना बसायचंय त्यांना आणा. म्हातारा येणार, त्याचं पागोटं किती उंच ते बघणार. जाड मामी येणार, ती लाजत लाजत बसणार. गरोदर सून चढताना पाय किती उचलते ते तुम्ही खाली उकिडवे बसून बघणार. सगळी बसली की खडूनं खुणा, आणि मग पत्र्याला हात. मुलं हसली. त्यांचे सर हसले नाहीत. म्हणाले, आज मोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्याला भारी नाव देतात. मी वर्गात सांगितलं, ते माझे वडील. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी हे चारचौघांत बोलले.

डिकीचं राहिलं. पूर्वी गाडीच्या मागे बाहेर एक बैठक असे, नोकरानं बसायची, ऊन-पाऊस खात. ती डिकी. आपल्याकडे येईपर्यंत तिथून माणूस उतरला आणि बॅगा चढल्या. ह्या एका शब्दाचं तरी भलं झालं म्हणायचं.

जाता जाता. ग्राहक आयोगाचं पाकीट तुम्हालाही आलं असेल. जीपवाल्या कौतिकभाऊंनी विम्याच्या दाव्यात कंपनीबरोबर तुम्हालाही सामील केलंय, बॉडी कच्ची बांधली म्हणून. तारीख वीस जानेवारी, जळगाव. मला साक्षीला बोलावलंय. तुम्ही याल ना?

तुमची
दिपमाला


जळगाव
२९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबा,

आई सांगते, तुम्ही पाकीट उघडलं आणि देवघरातल्या फळीवर ठेवून दिलं. येणार की नाही, ते तिलाही माहीत नाही.

मी दोन पत्रं गोड गोड लिहिली. पहिल्या पत्रात काम काही नाही म्हणाले, तेही खोटंच होतं. समन्स त्याच्या आधीच माझ्या टेबलावर होतं. मेणा, धनगर, घोडागाड्या हे सगळं मला मनापासून आवडलं म्हणून लिहिलं. पण जे लिहायचं होतं त्याच्याभोवती नुसती फिरत राहिले. आता लिहिते. आई, हे पत्र मध्ये न थांबता वाच.

आखाजीच्या आदल्या दिवशी, दोन हजार बावीसच्या मे महिन्यात, रावेरच्या कौतिकभाऊंची जीप नशिराबादच्या पुढे टायर फुटून रस्त्याखाली गेली. आत अकरा बाया, सगळ्या माहेरी निघालेल्या. गाडी एक पूर्ण पलटी खाऊन परत चाकांवर आली. दुसऱ्या दिवशी सणाचं, कंपनीनं मला पाठवलं. नंबर बघायच्या आधी मी मागचा खांब बघितला. छपराशी जिथे तो वळतो तिथला गोल कोन खानदेशात एकच माणूस तसा काढतो. मला तिथेच कळलं हे काम कोणाचं.

नियम असा की मी लगेच कंपनीला कळवायचं, हे माझ्या वडिलांचं काम आहे, दुसरा माणूस पाठवा. मी कळवलं नाही. वाटलं, कळवलं तर म्हणतील बापाला वाचवायला बाजूला झाली. नाही कळवलं आणि सौम्य लिहिलं तर म्हणतील बापाचं म्हणून सोडलं. मग मी ठरवलं की इतकं कडक लिहायचं की बोट ठेवायला जागा नको. लिहिलं, "पासिंगनंतर विनापरवाना बदल. तिसरे बाक वाढवले. मंजूर आसने आठ, प्रवासी अकरा." एकूणएक शब्द खरा. क्लेम नामंजूर झाला. कौतिकभाऊ दुकानात येऊन तुम्हाला वाटेल ते बोलले, गावभर सांगत सुटले की झुलाल मिस्त्रीची बॉडी म्हणजे कलंडणारी बॉडी. सहा महिन्यांत चासी यायच्या बंद झाल्या आणि तुम्ही कूलरवर आलात.

पण आबा, मी जे लिहिलं नाही ते हे. पालथी होऊन उठलेल्या त्या गाडीचे सहाच्या सहा खांब जागच्या जागी होते. मी ओळंबा लावून बघितला, बोटभरसुद्धा फरक नव्हता. मागचं दार मी एका हातानं ओढलं आणि ते उघडलं. त्याच दारातून अकरा बाया आपल्या पायांनी बाहेर आल्या होत्या. एका म्हातारीचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. मी तिथे एकटी उभी राहून त्या खांबावर हात फिरवला, आणि मला तुमचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. मग डोळे पुसले आणि ह्यातलं एक अक्षर न लिहिता रिपोर्ट पाठवून दिला.

स्वतःची समजूत घातली की फॉर्मात तसा रकाना नाही. बॉडीचा प्रकार विचारतात, ती कशी टिकली ते विचारत नाहीत. आणि तो प्रकार तरी काय असतो? हल्ली मी दहातल्या सहा गाड्यांपुढे एसयूव्ही लिहिते. मूळ अर्थ खेळाला, डोंगरदऱ्यांत जायला आणि ओझी वाहायला, सगळ्याला चालणारी गाडी. परवा एक नुसती उंच केलेली हॅचबॅक आली, ती बाजारातल्या खड्ड्यात अडकली होती, तिच्यापुढेही तेच लिहिलं. त्या रकान्यात मी काहीही लिहिते आणि चालून जातं. म्हणजे रकाना ही नुसती सबब होती. माझी भीती होती.

वीस तारखेला मी हे सगळं सांगणार आहे. तुम्ही माझे वडील आहात हेही. लायसन जाईल कदाचित. त्याची काळजी आईनं करू नये, मी केली आहे. मला एवढंच पाहिजे की मी सांगेन तेव्हा तुम्ही समोर असावेत.

दिपमाला


जळगाव
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबा,

काल तुम्ही आलात. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. अडीच वर्षांत केस पार पांढरे झालेत, आई बोलली नव्हती. तुम्ही मागच्या बाकावर बसलात आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

मी ठरवलं होतं तसं सांगितलं. खांब, दार, ओळंबा, आणि शेवटी, "हे बांधणारे झुलाल मिस्त्री माझे वडील आहेत, हे मी कंपनीपासून लपवलं." कंपनीच्या वकिलानं मान वर केली. कौतिकभाऊ खाली बघायला लागले, कारण त्या अकरा जणींत त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या आणि त्या कशामुळे जिवंत आहेत हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक असणार. छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, झालं, माझ्या बापाचं नाव मी धुऊन परत दिलं.

मग आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी तुम्हाला विचारलं, काही म्हणायचंय का. तुम्ही उभे राहिलात. वकील मराठीत बोलत होते, मॅडम मराठीत बोलत होत्या, तुम्ही आपल्या भाषेत बोललात. "खांब मना शेतस. तिसरा बाकबी मनाच शे. तो बाक नही ऱ्हाता ते गाडी पालथी व्हती नही. पोरनी जे लिखं ते बठ्ठं खरं शे." आणि बसलात.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी तुम्हाला सोडवायला उभी राहिले होते आणि तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला अडकवून मला सोडवलंत. निकाल पुढच्या महिन्यात आहे. बाकाचं तुमच्या अंगावर यायचं ते येईल. कंपनीनं मला चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवलंय. त्याचं काही वाटत नाही.

मी बाहेर आले तर तुम्ही निघूनही गेला होतात. रिक्षावाला म्हणाला, आबा धुळ्याच्या एसटीला गेले. मी स्टँडवर पळत गेले. गाडी सुटली होती.

आबा, मला रागवा, वाटेल ते बोला. पण तुम्ही हे का बोललात ते सांगा. अडीच वर्षं मी समजत होते की मी तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं नाही म्हणून तुम्ही रागावलात. काल तुम्ही ज्या तऱ्हेनं "खरं शे" म्हणालात त्यात मला राग कुठे ऐकू आला नाही. मग फोन का उचलत नव्हतात?

तुमची
दिपू


धुळे
२ फेब्रुवारी २०२५

चि. दिपमालास,

हे मी, तुझी आई कमलबाई, लिहिते आहे. बोलणारे आबा आहेत. ते आपल्या भाषेत सांगतात, मी मला येतं तसं शाळेतलं लिहिते. सकाळपासून बसलोय, दोन कागद त्यांनी फाडायला लावले.

तुझी सगळी पत्रं ऐकली. पुस्तकातली नावं ऐकून फार बरं वाटलं. एवढं मोठमोठं काम करणारी माणसं तिकडे होऊन गेली, आणि त्यांच्यात तू मला बसवलंस. माझी तेवढी लायकी नाही, पण ऐकायला गोड लागलं. तुझी आई म्हणते, तू शिकवताना मुलं हसली तर हसू दे.

आता तू विचारलंस ते. कौतिकची चासी दुकानात आली तेव्हाच त्याच्या घरचे धुळ्याला लग्नाला आले होते. मी त्याला म्हणालो, बसणाऱ्यांना आण. तो सगळ्याच बायांना घेऊन आला. मी फळ्या टाकल्या. आठ जणी बसल्या आणि जागा संपली. तीन जणी खाली उभ्या होत्या. मी कौतिकला म्हणालो, आठच बसतील, बाकीच्यांना दुसऱ्या खेपेला आण. तो म्हणाला, दुसरी खेप कुठली, आखाजीचा एकच दिवस. मग मी बायांना विचारलं, कोण उतरतं? बसलेल्या आठही जणी खाली बघायला लागल्या. उभ्या होत्या त्यांतली एक सगळ्यात लहान होती, लग्नाला वर्षही झालं नसेल. ती म्हणाली, मी नाही आले तरी चालेल काका. तिचा तो आवाज माझ्यानं ऐकवला नाही. मी त्याच दिवशी तिसऱ्या बाकाची खूण केली आणि पासिंग झाल्यावर ते बसवलं.

एवढ्या वर्षांत मी मापासाठी माणसं बसवत आलो. बसलेल्या माणसाला उतर म्हणायचं मला कधी जमलंच नाही. गाडी पालथी झाल्याचं कळलं तेव्हा मला पहिली ती पोर आठवली. ती वाचली, हे दोन दिवसांनी समजलं. ते दोन दिवस मी जेवलो नाही, तुझ्या आईला विचार. खांब टिकले हे मला माहीत होतं, मी बांधले होते. पण ती गाडीत होती ती माझ्यामुळे.

मग तुझा रिपोर्ट आला. कौतिकनं तो माझ्यासमोर आपटला. तुझ्या आईला वाचायला लावायचा धीर झाला नाही, म्हणून मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. "तिसरे बाक वाढवले." मला जे त्या दिवशी तोंडानं म्हणता आलं नाही ते माझ्या पोरीनं लिहिलं, सही करून. तुझा राग कसा येणार? मला तुझ्यापुढे तोंड दाखवायची लाज वाटत होती. तू फोन केलास की मी तो हातात घेऊन बसायचो, नाव दिसायचं, आणि काय बोलू ते सुचायचं नाही.

आता सगळं बोललो. ह्यापुढे फोन उचलीन.

तुझा
आबा